स्ट्रॅडिव्हारी स्वस्तात घ्यायला निघालात?

आधी हिशेब समजून घ्या, मग निघू. २०११ सालच्या जूनमध्ये ‘लेडी ब्लंट’ नावाचं एक व्हायोलिन लिलावात ९८ लाख पौंडांना गेलं. डॉलरमध्ये १ कोटी ५९ लाख. अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारीने ते १७२१ साली इटलीतल्या क्रेमोना गावात बनवलं होतं. आता दुसरी बाजू बघा. २००३ साली सॅम्युएल झिग्मुंटोविच या न्यूयॉर्कच्या कारागिराच्या व्हायोलिनला लिलावात १ लाख ३० हजार डॉलर मिळाले, तेव्हा हयात कारागिराच्या बाबतीत तो विक्रम ठरला. तेही वाद्य विख्यात वादक आयझॅक स्टर्नच्या हातातलं होतं म्हणून. म्हणजे एका लेडी ब्लंटच्या पैशात विक्रमी भावाची नवी व्हायोलिनं शंभरावर आली असती.

तुम्ही व्यवहारी आहात. तुमच्या मनात आलं ते अगदी साहजिक आहे: भाव चढायच्या आधी मागे जावं, एखादं उचलावं आणि परत यावं. चला तर. पैसे तुमचे, वाट मी दाखवतो. मात्र प्रत्येक मुक्कामी वाद्याइतकंच भाव लावणाऱ्या माणसाकडेही लक्ष ठेवा.

साल १७१६. तिकडे शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं देऊन तीन वर्षं झाली आहेत. तुम्ही उभे आहात पो नदीकाठच्या क्रेमोनात, सान दोमेनिको चर्चसमोरच्या चौकात. समोर एक अरुंद, उंच घर. रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं त्याच साली, १६८० मध्ये, स्ट्रॅडिव्हारीने हे घर विकत घेतलं. तळमजल्यावर काम चालतं. दारातून आत शिरलात की नाकाला पहिला वास येतो तो सरसाचा. जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस मंद आचेवर पातळ होतोय. खाली भुश्श्याचा आणि बारीक ढलप्यांचा थर, त्यात तुमचे बूट रुततात.

सत्तरी ओलांडलेला उस्ताद बाकापाशी उभा आहे. फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो ही दोन मुलं शेजारीच कामाला. त्यांना हाक मारू नका, नुसतं बघा. बाकावर लाकडाचा साचा आहे, व्हायोलिनच्या आकाराचा, पण थोडा लहान. त्याच्या कोपऱ्यांत विलोचे ठोकळे हलकेच चिकटवलेत. मुलगा मेपलची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करतो, तापलेल्या लोखंडावर दाबत दाबत वळवतो आणि साच्याच्या कडेने बसवतो. चुर्र असा आवाज आणि वाफ. पट्टी तडकली तर फेकायची, दुसरी घ्यायची. वाद्य साच्याभोवती बाहेरून उभं राहतं; नंतर साचा आतून काढून घेतात. हेच साचे पुढे तीनशे वर्षं टिकणार आहेत आणि क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात काचेमागे ठेवले जाणार आहेत, पण आज त्यांच्यावर कोणी ढलप्यांची टोपली टेकवून ठेवली आहे.

उस्तादांच्या हातात वरची फळी आहे, स्प्रूसची. हे लाकूड आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्यातून येतं असं मानतात. पाठीचा मेपल त्याहून लांबचा, बाल्कनकडचा, व्हेनिसच्या बाजारातून आलेला. फळी मधोमध फाडून दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडलेत आणि सांध्यावर सरसाने जोडलेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब वाटतात. बाहेरून हलका फुगवटा कोरून झालाय, आता आतून पोकळी चालली आहे. ते आधी गोल पटाशीने आणि मग बोटाएवढ्या इवल्या रंध्याने काढतात. शेवटी पोलादी पत्र्याने खरवडतात. थोडं खरवडलं की फळी दोन बोटांत धरून वाकवून बघतात, कानाशी नेऊन टकटक करतात, पुन्हा खरवडतात. फळी अडीच-तीन मिलिमीटरवर येते. एवढ्याशा लाकडावर पुढे चार तारांचा ताण पडायचाय.

कडेने जी काळी-पांढरी-काळी रेघ दिसते ती रंगवलेली नाही. कडेला बारीक खाच पाडून तिच्यात तीन पदरी पट्टी ठोकून बसवलेली असते. शोभा तर आहेच, शिवाय कडेला आलेली चीर आत सरकत नाही. कोपऱ्यात ती पट्टी मधमाशीच्या नांगीसारखी निमुळती होते. उस्तादांचा हात ओळखायचा तर जाणकार आजही आधी तिथे भिंग लावतात.

आता वर माळ्यावर या. उघड्या गच्चीवजा जागेत दोरीवर व्हायोलिनं टांगलेली आहेत, काही कोरी, काहींवर रोगणाचे हात चढवलेले. ऊन खाल्ल्याशिवाय काम पुरं होत नाही. दुरुस्तीला दिलेल्या एका वाद्याच्या भेगांवरचं रोगण वाळायला वेळ लागला म्हणून उशीर झाला, माफ करा, असं गिऱ्हाइकाला लिहिलेलं स्ट्रॅडिव्हारीचं पत्र उपलब्ध आहे. कारागिराचं जगभर सारखंच. आणि ते ‘गुप्त’ रोगण? २००९ साली पॅरिसच्या संशोधकांनी स्ट्रॅडिव्हारीच्या पाच वाद्यांवरचं रोगण तपासलं. तेल, पाइनची राळ आणि लाल रंगद्रव्यं निघाली. त्या काळच्या चित्रकाराच्या दुकानातही हेच मिळालं असतं.

दोरीवरच्या वाद्यांत एक आहे, तांबूस, कडा अजून धारदार. हे या साली बनलेलं व्हायोलिन उस्ताद मरेपर्यंत घरातच राहणार आहे. ते नजरेत ठेवा.

किंमत विचारायची घाई झाली असेल. क्रेमोनाचा भाव कळायला आणखी ७९ वर्षं मागे डोकावावं लागतं. १६३७ साली म्हाताऱ्या गॅलिलिओला आपल्या पुतण्यासाठी व्हायोलिन हवं होतं. त्याने व्हेनिसमधल्या स्नेह्याला लिहिलं. त्या स्नेह्याने संगीतकार मोंतेवेर्दीला विचारलं, कारण मोंतेवेर्दी क्रेमोनाचाच. उत्तर आलं: ब्रेशाचं व्हायोलिन चार डुकाटांच्या आत मिळतं, क्रेमोनाचं मात्र किमान बारा. म्हणजे स्ट्रॅडिव्हारी जन्मायच्या आधीच क्रेमोनाचा माल तिप्पट महाग होता आणि तोही नवा. जुनेपणाचा त्यात काही संबंध नव्हता. ही पुण्याई आंद्रेआ अमातीची. त्याने सोळाव्या शतकात इथे व्हायोलिनला आजचा आकार दिला. १६३० च्या प्लेगनंतर त्या घराण्यात हुन्नर जाणणारा नातू निकोलो तेवढा उरला आणि त्याने घराबाहेरच्या पोरांना हाताशी धरलं. त्यातूनच ग्वार्नेरी, रुजेरी अशी घराणी त्या चौकाच्या आसपास उभी राहिली.

आत्ता इथे घ्यायला हरकत नाही, पण स्वस्त मिळणार नाही. स्ट्रॅडिव्हारीची गिऱ्हाइकं राजेरजवाडे आणि मेदिची घराण्यातले आहेत. ‘स्ट्रॅडिव्हारीसारखा श्रीमंत’ असं क्रेमोनात म्हणायचे, अशी आठवण सांगतात. खाली उतरू, पुढे जाऊ.

१८ डिसेंबर १७३७. बाजीराव भोपाळला निजामाला वेढा घालून बसलेत त्याच महिन्यात क्रेमोनात स्ट्रॅडिव्हारी वारला. नव्वदीच्या आसपास वय होतं, शेवटपर्यंत बाकावरून हललेला नव्हता. यानंतरची पाच-दहा वर्षं तुम्ही या चौकात उभे राहाल तर काय दिसेल? १७४२ मध्ये ओमोबोनो गेला. १७४३ मध्ये फ्रान्चेस्को. १७४४ मध्ये जुझेप्पे ग्वार्नेरी, ज्याचं वाद्य पुढे विख्यात वादक पागानिनी वाजवणार होता. १७४७ मध्ये कारागीर कार्लो बेर्गोन्झी. दहा वर्षांत दुकानं ओस पडली. भावाच्या कहाणीतलं पहिलं कलम इथेच लिहिलं गेलं: माल यायचा बंद. स्ट्रॅडिव्हारीने जन्मभरात हजाराच्या वर वाद्यं केली असावीत. आज त्यातली साडेसहाशेच्या आसपास उरली आहेत, आणि तो आकडा आता कमीच होऊ शकतो.

पण नुसता माल बंद झाला म्हणून भाव चढत नाही. पटत नसेल तर १७७५ मध्ये उतरा.

हाच तुमच्यासाठी खरा सौद्याचा काळ. उस्तादांचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी. घरात उरलेली व्हायोलिनं, साचे, कागदी नमुने, हत्यारं त्याला अडगळ वाटतात. विशीतला एक सरदारपुत्र, काझालेचा काउंट कोझिओ दी सालाबुए, सगळंच उचलतो. माळ्यावर पाहिलेलं ते १७१६ चं तांबूस व्हायोलिनही त्यात आहे. कोझिओ एक काम करतो जे आधी कोणी केलं नव्हतं: प्रत्येक वाद्याची मापं, रंग, खुणा, मालक यांची टिपणं ठेवतो. व्हायोलिनची वंशावळ लिहिणारा तो पहिला भाट.

आणि बाजारात तेव्हा चलती कोणाची? स्ट्रॅडिव्हारीची नाही. लंडनच्या किंवा जर्मन दुकानात जाऊन ‘सगळ्यात उत्तम दाखवा’ म्हणालात तर दुकानदार टायरॉलच्या याकोब श्टाइनरचं व्हायोलिन पुढे करेल. त्याची छाती उंच फुगलेली, आवाज गोड आणि दिवाणखान्यात घुमणारा. स्ट्रॅडिव्हारीचं वाद्य त्यामानाने चपटं. माल तेव्हाही तेवढाच दुर्मीळ होता, कारागीर मरून चाळीस वर्षं झाली होती, लाकूड तेच, रोगण तेच. तरी पहिला मान दुसऱ्याचा. जी मंडळी म्हणतात की नादामुळेच किंमत आली, त्यांना मी १७७५ मध्ये नेऊन सोडतो.

मग फिरलं काय? पॅरिस, १८०० च्या आगेमागे. इथे जरा थांबावं लागेल.

१७८२ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता व्हिओत्ती नावाचा इटालियन वादक पॅरिसच्या मंचावर आला आणि त्याने स्ट्रॅडिव्हारी वाजवून शहर वेडं केलं. मैफली आता राजवाड्यातून तिकिटाच्या सभागृहात आल्या होत्या. शेवटच्या रांगेने पैसे मोजलेत, तिला ऐकू गेलंच पाहिजे. ऑर्केस्ट्रा वाढला, सूर चढा लागू लागला. तूर्त नावाच्या कारागिराने नवा गज घडवला, लांब, आत वळलेला, ताकदीने ओढता येणारा. जुन्या वाद्यांना हे झेपेना.

तेव्हा तुम्ही ज्या कारखान्यात उभे आहात तिथे बाकावर एक स्ट्रॅड पडलंय आणि कारागीर त्याच्या वरच्या फळीच्या कडेत बोथट सुरी सरकवतोय. घाबरू नका. सरसाचं हेच तर वैशिष्ट्य: पाहिजे तेव्हा सुटतो. कट कट करत फळी वेगळी होते. आतली खर्जाच्या बाजूची लाकडी पट्टी छिनून काढून तिच्या जागी जाड आणि लांब पट्टी बसते. मानेवर करवत चालते. शेंड्याची गोगलगायीसारखी वळणदार गुंडी तेवढी जपून वेगळी ठेवतात आणि नव्या, जास्त लांब, मागे झुकलेल्या मानेवर तिचं कलम करतात. बोटं फिरवायची पट्टी लांबते, घोडी उंच होते. तारांचा ताण वाढतो. पेशवाईतल्या वाड्याची दर्शनी भिंत ठेवून आतला जिना, तुळया आणि छप्पर नवं करावं, तसला हा प्रकार. आज स्ट्रॅडिव्हारीची जी व्हायोलिनं मंचावर वाजतात त्यातलं जवळजवळ प्रत्येक या करवतीखालून गेलेलं आहे. पेटी आणि गुंडी उस्तादांची. मान, पट्टी, घोडी, तारा दुसऱ्यांच्या. ‘तीनशे वर्षांपूर्वीचा अस्सल नाद’ असं कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं दिसलं की मला हा बाक आठवतो.

मात्र या शस्त्रक्रियेने एक गोष्ट उघड झाली. श्टाइनरच्या फुगीर वाद्याला हा ताण मानवला नाही, आवाज कोंडला. स्ट्रॅडिव्हारी आणि ग्वार्नेरीची चपटी छाती मात्र तो ताण पेलून मोठ्याने बोलू लागली. उस्तादांना सभागृह माहीत नव्हतं. त्यांच्या फुगवट्याला ते ऐंशी वर्षांनी सोसलं. श्रेय द्यायचं तर इथे भरभरून द्यावं, कारण मागणीला कारण होतं, ती नुसती हवा नव्हती.

आता मागणी पॅरिसला आणि माल इटलीच्या खेड्यापाड्यांत. या दोहोंच्या मधे लुईजी तारिसिओ उभा आहे. पेशाने सुतार, मिलानच्या बाजूचा. पाठीवर पोतडी, पायी फिरतो. गावच्या चर्चमध्ये, मठात, जुन्या घरात शिरतो, खुर्ची नाहीतर दार दुरुस्त करून देतो, आणि जाता जाता म्हणतो, ‘ते भिंतीवरचं मोडकं व्हायोलिन मला द्या, हे नवं घ्या.’ घरधनी खूश. तुम्हीही त्याच्याबरोबर चार दिवस फिरलात तर एखादं स्ट्रॅड पदरात पडेल, पण तारिसिओ तुमच्या आधी पोचलेला असतो. १८२७ मध्ये कोझिओकडून त्याने ते १७१६ चं व्हायोलिन घेतलं. पॅरिसला गेला की व्यापाऱ्यांसमोर त्याच्या बढाया मारायचा: हे काय बघता, माझ्याकडे एक आहे, अजून कोणी वाजवलेलं नाही. पण आणायचा कधीच नाही. शेवटी वादक आलार वैतागून म्हणाला म्हणतात, की तुझं व्हायोलिन म्हणजे मसीहाच आहे, वाट बघायची आणि यायचं नाही. तेव्हापासून त्याचं नाव ‘मेसाया’.

१८५४ मध्ये तारिसिओ मिलानच्या एका कळकट खोलीत एकटा मेला. पॅरिसमध्ये खबर लागताच व्हियोम नावाचा व्यापारी-कारागीर मिळतील तेवढे पैसे गोळा करून निघाला. १८५५ चा जानेवारी, कडाक्याची थंडी. तो आधी नोव्हाराजवळच्या शेतघरी तारिसिओच्या नातेवाइकांकडे पोचला. तुम्ही दारात उभे राहा. मंडळींना कळत नाहीये की या फाटक्या चुलत्याच्या लाकडी डब्यांसाठी पॅरिसचा साहेब का धावत आलाय. मेसाया इथेच निघाला. सगळी मिळून सुमारे दीडशे वाद्यं, त्यात दोन डझन स्ट्रॅडिव्हारीची. व्हियोमने ऐंशी हजार फ्रँकच्या आसपास मोजले. नगामागे सरासरी पाचशे-साडेपाचशे फ्रँक.

१८९० मध्ये एकट्या मेसायाचे २,००० पौंड झाले. तेव्हा पौंडाला पंचवीस फ्रँक पडत, म्हणजे पन्नास हजार. पस्तीस वर्षांत एका व्हायोलिनने अख्ख्या पोतडीच्या निम्म्याहून जास्त किंमत गाठली. त्याच्या लाकडात या काळात काय फरक पडला होता? काहीही नाही. फरक पडला तो कागदात. लंडनच्या हिल बंधूंच्या दुकानात चला म्हणजे कळेल. इथे व्हायोलिन येतं, मापलं जातं, नोंदलं जातं, आणि हिलनी ‘होय’ म्हटलं की ते स्ट्रॅड. ‘नाही’ म्हटलं की लाकूड. १९०२ मध्ये याच भावांनी स्ट्रॅडिव्हारीचं चरित्र आणि काम यावर जाडजूड ग्रंथ काढला. कोझिओच्या टिपणवहीचं आता प्रमाणपत्र झालं होतं. कागद लिहिणारे तेच, विकणारेही तेच, हे लक्षात असू द्या. व्हियोमचंही तसंच: मेसायाचा मालक असलेला हा गृहस्थ युरोपातला सर्वांत तरबेज नक्कल करणाराही होता. त्याने पागानिनीच्या ग्वार्नेरीची अशी प्रतिकृती केली की खुद्द पागानिनी क्षणभर गोंधळला, असा किस्सा सांगतात. अलीकडच्या काळातही ऑस्ट्रियातल्या डीटमार माखोल्ड या बड्या व्यापाऱ्याला २०१२ मध्ये फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

मेसायाचा पाठलाग इथे सोडावा लागेल. हिल घराण्याने तो ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाला देऊन टाकला, पुन्हा बाजारात येऊ नये म्हणूनच. बाजार बघायचा तर लेडी ब्लंटकडे वळू.

हेही व्हियोमच्याच हातून गेलेलं. ते लेडी ॲन ब्लंटकडे आलं. बाई बायरन कवीची नात, एडा लव्हलेसची मुलगी, अरबी घोड्यांची मोठी शौकीन. तीस वर्षं तिच्याकडे राहिलं. नंतर ते संग्राहकांच्याच हाती फिरत राहिलं. मंचावर फारसं गेलंच नाही, म्हणून रोगण घासलं नाही, कडा झिजल्या नाहीत. १९७१ साली लंडनच्या सदबीजमध्ये तुम्ही खुर्चीवर बसा. बोली चढते, चढते, ८४,००० पौंडांवर हातोडा पडतो. सभागृह अवाक. घ्यायचं तर आत्ता घ्या, कारण चाळीस वर्षांनी निप्पॉन म्युझिक फाउंडेशन हेच व्हायोलिन विकायला काढणार आहे, जपानच्या भूकंप आणि त्सुनामीतल्या लोकांच्या मदतीसाठी. तेव्हा हातोडा नाही, खुर्च्या नाहीत; बोली इंटरनेटवर. लिलाव करणाऱ्या कंपनीचं नाव तारिसिओ. पोतडीवाल्या सुताराच्या नावाने. ८४,००० चे ९८ लाख, म्हणजे एकशे सोळा पट.

आणि गंमत बघा: हे वाद्य इतकं महाग गेलं कारण ते फारसं वाजवलेलं नाही. वाद्याचं मोल नादात असतं तर रोज वाजणारं जास्त महाग हवं होतं. बाजाराला नाद नको असतो असं नाही, पण त्याआधी त्याला कोरा चेहरा, अखंड वंशावळ आणि ओळीत बसलेली मोठी नावं लागतात.

नाद मग खरोखर वेगळा आहे का? २०१० चा सप्टेंबर, इंडियानापोलिस, व्हायोलिन स्पर्धेचे दिवस. हॉटेलची खोली, दिवे मंद. तुमच्या डोळ्यांवर वेल्डरचा काळा चष्मा चढवतात. तुमच्या हाती व्हायोलिन देणाऱ्यालाही ते कोणतं हे ठाऊक नाही. हनुवटीखाली अत्तराचा थेंब, जुन्या लाकडाच्या वासावरून ओळखू नये म्हणून. सहा वाद्यं: तीन जुनी, त्यात दोन स्ट्रॅडिव्हारी आणि एक ग्वार्नेरी, तीन नवी. जुन्या तिघांची मिळून किंमत कोटभर डॉलर, नव्यांच्या शंभरपट. वाजवा आणि सांगा, घरी कोणतं न्याल? संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि स्वतः व्हायोलिन बनवणारा जोसेफ कर्टिन यांनी असे एकवीस वादक बसवले. तेरा जणांनी नवं निवडलं. सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडच. हॉटेलची खोली म्हणजे सभागृह नव्हे, अशी ओरड झाली. रास्तच होती. म्हणून २०१२ मध्ये पॅरिसजवळ तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात दहा नामांकित वादकांना घेऊन पुन्हा प्रयोग झाला. सहा जणांनी नवंच उचललं. पुढे श्रोत्यांनाही बसवलं. त्यांचाही कौल नव्याकडे.

तरी स्ट्रॅडिव्हारीचं रहस्य शोधणं थांबत नाही. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग कमी होते, युरोप गारठला होता, झाडं हळू वाढली, लाकूड घट्ट झालं, असा एक तर्क २००३ मध्ये मांडला गेला. असेलही. पण तेच गारठलेलं जंगल त्या काळच्या प्रत्येक सामान्य सुतारालाही मिळत होतं. त्यांची व्हायोलिनं कुठे आहेत?

मोठे वादक याच वाद्यांच्या मागे असतात म्हणून त्यांना भाबडं समजू नका. तीनशे वर्षं उत्तम हातांतून गेलेलं वाद्य हाती आलं की वादकही वेगळा वाजवतो, ते खोटं नाही. फक्त आता त्यांना ते परवडत नाही. बरीच स्ट्रॅड फाउंडेशनांच्या, बँकांच्या, धनिकांच्या मालकीची. वादकाला काही वर्षांसाठी उसनी. वादक जोशुआ बेलने २००१ मध्ये १७१३ चं एक विकत घेतलं, जवळपास चाळीस लाख डॉलरना. १९३६ मध्ये कार्नेगी हॉलमधून चोरीला गेलेलं, चोराने बुटपॉलिश फासून पन्नास वर्षं वाजवलेलं ते व्हायोलिन. २००७ मध्ये बेल तेच घेऊन वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात त्रेचाळीस मिनिटं उभा राहिला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बत्तीसेक डॉलर टाकले. कोणी प्रमाणपत्र दाखवलं नव्हतं ना.

स्ट्रॅडच हवं का, हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्याच ठिकाणी सुटलेला आहे. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, ‘गाणारं व्हायोलिन’वाले प्रभाकर जोग. यांनी मांडी घालून, तारा आपल्या षड्जाला उतरवून मिळवून, पुढ्यात माईक ठेवून वाजवलं. ऑर्केस्ट्राला भेदून शेवटच्या रांगेत पोचायचं, हे स्ट्रॅडचं मुख्य बळ. त्या बैठकीत त्याचं कामच पडत नाही. मींड कशी घेतली, गज किती धरला, एवढंच राहतं.

तर तुमची खरेदी. १७७५ मध्ये घ्यायला हवं होतंत, पण तेव्हा तुम्ही श्टाइनर घेऊन परतला असता. सगळेच परतत होते. आता परत या आणि घरातला माळा बघा. गोव्यात, मुंबईत, पुण्यात कित्येक घरी आजोबांचं व्हायोलिन पेटीत पडलेलं असतं आणि आत चिठ्ठी दिसते: अंतोनिउस स्ट्रॅडिव्हारिउस, क्रेमोना, अमुक साल. लगेच फोन फिरवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेनला आणि फ्रान्सच्या मिरकूरला अशी चिठ्ठी लावलेली व्हायोलिनं ढिगाने बनली. १८९० च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लावणं सक्तीचं झालं, म्हणून त्याच चिठ्ठीवर खाली बारीक ‘मेड इन जर्मनी’ छापलेलंही सापडतं. भिंग लावून बघा. सापडलं तर लिलावघराचा विचार सोडा, चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून घोडी नीट बसवून घ्या, तारा नव्या चढवा, आणि घरातल्या ज्या पोराला शिकायचंय त्याच्या हातात द्या.